मोकळा शनिवार

आम्ही टिडवेल लोक सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी लग्न करत नाही. मरतसुद्धा नाही, आणि मेलोच तर पुरायला सोमवारपर्यंत थांबतो. माझे वडील कसे गेले ते मागे सांगून झालंच आहे. ते गेले शुक्रवारी, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं की दुसऱ्या दिवशी एटोवा स्टेट या आमच्या कॉलेजचा फुटबॉलचा सामना असेल तर मला दोन दिवस बर्फात ठेवा, घाई करू नका. अशा घरात मी वाढलो. तेव्हा पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष एकट्या माझ्या माथी मारू नये, एवढंच म्हणणं आहे. थोडा वडिलांचाही धरावा.

माझ्या एकुलत्या एका मुलीने, कोरीनने, ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार लग्नाला धरला तो काही अंगात आलं म्हणून नव्हे. तिने आधी कॉलेजच्या फुटबॉलचं, हातात चेंडू घेऊन पळतात त्या आमच्याकडच्या फुटबॉलचं, वेळापत्रक उघडलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि मीच त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. मोसमात प्रत्येक संघाला एक शनिवार मोकळा असतो. तो आमचा मोकळा शनिवार होता. मी तेव्हा म्हणालोसुद्धा, "शाबास, बापाची लेक आहेस."

मग सप्टेंबरात मेक्सिकोच्या आखातातून चक्रीवादळ आलं. अर्ध्या अलाबामाची छपरं उडाली, लोक आठ दिवस अंधारात बसले, आणि मी बॅटरीच्या उजेडात एकाच गोष्टीची काळजी करत होतो, ती म्हणजे त्या आठवड्यातला कहाबा टेकशी असलेला सामना. तो पुढे ढकलला गेला. दोन्ही संघ एकाच वेळी मोकळे असतील असा शनिवार अख्ख्या मोसमात एकच उरला होता. कुठला ते सांगायला नको. दुपारी अडीचला सामना, चारला लग्न.

कहाबाने आम्हाला सलग अकरा वर्षं हरवलं होतं. आणि या वर्षी पहिल्यांदाच आमचा संघ बरा होता. आमच्या संघाचं चिन्ह खेचर आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ते कौतुकाने निवडलं असेल, पण गेली अकरा वर्षं ते आम्हाला अगदी शोभून दिसत होतं.

इथे शहाण्या बापाने तोंडाला कुलूप लावलं असतं. मी फोन लावला.

"कोरीन, एक विचारू?"

"विचार ना, डॅडी."

"लग्न एक आठवडा पुढे नेता येईल का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती कॅलेंडर बघतेय.

"एकशे चाळीस लोकांना पत्रिका गेल्यात," ती शेवटी म्हणाली.

"घेतील की समजून. सगळी इथलीच माणसं आहेत."

"आणि मी?"

"तुला नाही गं कळायचं," मी म्हणालो. "अकरा वर्षं झाली."

फोन बंद झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. जे काही असेल ते ग्लेंडामार्फत यायचं. ग्लेंडा म्हणजे माझी बायको. ती मूळची व्हरमाँटची. तिकडे लोक ऑक्टोबरात झाडांची पानं बघायला जातात. पंचवीस वर्षं या घरात काढूनही शनिवारी दुपारी ती आमच्याकडे दवाखान्यातल्या परिचारिकेसारखी बघते. तिने एका सकाळी अंडी तळता तळता मला निकाल सांगितला.

"हात धरून तू नेशील तिला. तेवढं ठरलंय. पण त्या दिवशी फोन नाही, रेडिओ नाही, स्कोअर विचारायचा नाही, कुणी सांगितला तर ऐकायचा नाही."

"आणि बाप-लेकीचा नाच?"

"तो कार्यक्रमपत्रिकेत घातलेला नाही. त्या दिवशी तुझं वागणं बघून ठरवीन म्हणाली."

"आणि नीट नाही वागलो तर?"

"तर ड्वाइट नाचेल," ग्लेंडा म्हणाली आणि माझ्या ताटात अंडं सरकवलं.

ड्वाइट माझा धाकटा भाऊ. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, चर्चमध्ये दानपेटी फिरवतो. माणसाच्या आयुष्यात मुलीबरोबर तिच्या लग्नात नाचायचं काम एकदाच येतं, आणि ते ड्वाइटकडे जाणार होतं. मी वचन दिलं. अगदी बायबलवर हात ठेवून नाही, पण अंड्यासमोर दिलं.

*

लग्न आईच्या घरामागच्या, अक्रोडाच्या जातीच्या पेकानच्या बागेत होतं. पांढरा तंबू, त्यात नाचायला फळ्यांची जमीन, झाडांखाली खुर्च्या, आणि तंबूच्या मागे डुकराचं मांस पहाटेपासून धुरावर ठेवून बसलेला आचारी. सकाळीच ग्लेंडाने माझा फोन काढून घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात ठेवला. मी मुकाट्याने दिला. पँटच्या आत मी आमच्या संघाचे हिरवे मोजे घातले होते, पण मोज्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दोन वाजता व्याही आले. लाइल पेटीग्रू, मुलाचे वडील. पेटीग्रू मंडळी खापरपणज्यापासून कहाबाची. माझ्या मुलीला साऱ्या अलाबामात दुसरा मुलगा मिळाला नाही, याबद्दल मागच्या प्रकरणात मी पुरेसं रडलो आहे. लाइल आणि त्यांचा एक भाचा दोन्ही बाजूंनी धरून एक भलामोठा खोका घेऊन आले. आमच्याकडे नवऱ्या मुलाचा केक वेगळा असतो, आणि त्यावर मुलाच्या आवडीचं काहीतरी काढतात. खोका उघडला. आत कहाबाचा ससाणा होता, पंख पसरलेला, तपकिरी-तांबडा, आणि त्याच्या नखांत एक छोटं साखरेचं खेचर.

"बेकरीवाल्याच्या डोक्यातलं हो," लाइल म्हणाले. "आम्ही नुसता पक्षी सांगितला होता."

"छान आहे," मी म्हणालो. "खेचराचे डोळे अगदी जिवंत काढलेत."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, म्हणतात. आमच्याकडे ससाणा आला. मी तो केक सगळ्यात लांबच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्याच्यासमोर फुलदाणी ठेवली. दहा मिनिटांनी बघतो तर फुलदाणी बाजूला.

पावणेतीनला ड्वाइट जवळ आला. कोटाच्या खिशात त्याचा फोन उजळलेला दिसत होता.

"सांगू?"

"नको."

"नुसतं चांगलं की वाईट एवढं सांगतो."

"ड्वाइट, तुला माझ्या जागी नाचायचंय म्हणून तू हे करतोयस."

"मला नाचताच येत नाही," तो म्हणाला. "पण बरं, नाही सांगत. फक्त तू बस. उभा राहून ऐकण्यासारखं नाही."

तेव्हा मला कळलं की वाईट आहे. आता हे स्कोअर विचारणं होतं का? मी स्वतःशी न्यायनिवाडा केला आणि स्वतःला निर्दोष सोडलं.

*

कोरीन घरातून बाहेर आली तेव्हा चारला पाच कमी होते. मी पायरीशी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशांकडे बघितलं.

"पिठाच्या डब्यात आहे," मी म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. तीन आठवड्यांतला हा तिचा माझ्याशी पहिला शब्द होता. मी इतका खूश झालो की तिच्या झग्याबद्दल काही बोलायचं राहूनच गेलं.

खुर्च्यांच्या मधून आम्ही चालायला लागलो. आणि इथे मला माझ्या आईविषयी सांगावं लागेल. आई चौऱ्याऐंशीची आहे. पहिल्या रांगेत ती मांडीवर काळी पर्स घेऊन बसली होती. दोन्ही कानांत तिची नवी यंत्रं होती, तिच्या नातवंडांनी मागच्या नाताळात दिलेली, ज्यांत फोनचा आवाज थेट जातो. बाहेर कुणाला काही ऐकू येत नाही. हे साऱ्या घराला माहीत होतं आणि तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आलं ते असं: आई पर्सचा चाप उघडत होती आणि बंद करत होती. माझ्या लहानपणापासून आई सामना ऐकताना हेच करते. हळू उघडझाप म्हणजे ठीक चाललंय. भराभर म्हणजे आपण मार खातोय.

आत्ता ती भराभर करत होती.

"डॅडी," कोरीन ओठ न हलवता म्हणाली, "आजीकडे काय बघतोस?"

"माझी आई आहे."

"समोर बघ."

मी समोर बघितलं. समोर गॅरेट होता, नवरा मुलगा, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नाचा आनंद होता. निदान तेवढाच असावा अशी मी प्रार्थना केली. मी तिचा हात त्याच्या हातात दिला. या क्षणी बापाच्या घशात आवंढा येतो असं म्हणतात. माझ्याही आला. पण खरं सांगायचं तर त्यात किती आवंढा मुलीचा होता आणि किती पर्सचा, ते मला वेगळं करता येणार नाही.

मी आईशेजारी बसलो. पाद्रीबुवा हळू बोलणारे, वयस्कर. त्यांनी सगळ्यांना डोकी खाली करायला सांगितली आणि मनातल्या मनात प्रार्थना करायला एक मिनिट दिलं. एकशे चाळीस माणसं गप्प. वरून एक पेकान पडलं तेही ऐकू आलं. आणि कानांत यंत्र असलेली माणसं बोलतात तशा दणदणीत आवाजात माझी आई म्हणाली, "अरे पाड त्याला."

पाद्रीबुवांनी डोळे उघडले.

"कुणाला, नडीनबाई?" त्यांनी विचारलं. ते स्वतः एटोवाचे पदवीधर आहेत, हे इथे सांगून ठेवतो.

"कुणाला नाही," आई म्हणाली. "गेला तो. चालू द्या तुमचं."

मुलाकडच्या बाजूने आधी एक खुदकन आवाज आला, मग तीन रांगा हसल्या. कुणीतरी हळूच टाळीही वाजवली, आणि तिचा अर्थ मला कळायला वेळ लागला नाही. कोरीन वळली. तिने आजीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांच्या रागाला तिच्या डोळ्यांत आता पुरावा सापडला होता.

*

पुढचं मला आईकडून कळलं, आणि आई काही गाळते पण काही घालत नाही.

फोटो काढून झाल्यावर कोरीन बूट बदलायला आजीच्या खोलीत गेली. आई मागोमाग गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. कोरीन पलंगाच्या काठावर बसून टाचांचे बूट ओढत होती आणि ते निघत नव्हते.

"त्याने तुला सांगितलं ऐकायला," कोरीन म्हणाली. "तू ऐकायचंस आणि त्याला खुणा करायच्या. माझ्या लग्नात."

"तुझ्या बापाने मला काही सांगितलं नाही. ही पर्स त्याला सगळं सांगते हे आधी लक्षात आलं असतं, तर मी ती घरातच ठेवली असती." आई खाली बसली आणि तिचा बूट ओढून काढला. "त्याला मी एक आकडा सांगितला नाही, आणि त्याने विचारला नाही. नुसता पर्सकडे बघत होता, भुकेलं कुत्रं दाराकडे बघतं तसा."

"हं."

"तू त्याच्यावर सामन्यासाठी चिडलीस असं मला नाही वाटत. सामन्यासाठी या घरात कुणी चिडत नाही."

कोरीनने निघालेला बूट पलंगाखाली सरकवला. मग म्हणाली, "मी सहा वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेय, आजी. एकोणीस मोसम. पावसात, उन्हात. ताप असताना. मला तारीख ठरवताना त्याच्याआधी सुचलं वेळापत्रक बघायचं. आणि तो मला म्हणतो, तुला नाही कळायचं. त्याला वाटतं त्याचाच सामना हुकला."

आईने दुसरा बूट काढला.

"किती झाले?" कोरीनने विचारलं.

"सतरा गुणांनी मागे. तिसरा क्वार्टर आत्ता संपला, एकच उरलाय."

"चेंडू कुणाकडे?"

"आपल्याकडे."

कोरीनने सपाट बूट घातले, आरशात बघून नाक पुसलं आणि म्हणाली, "बँडवाल्याला सांग, बाप-लेकीचा नाच सहाला ठेव. आधी नाही. आणि डॅडीला यातलं काही सांगायचं नाही."

"आता मी कोणाच्या बाजूने आहे?" आईने विचारलं.

"माझ्या," कोरीन म्हणाली. आईचं म्हणणं असं की चौऱ्याऐंशी वर्षांत तिला एवढं सोपं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

*

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मुख्य टेबलावर बसून मांस खात होतो आणि ते चावून चावूनही गिळवत नव्हतं, कारण ड्वाइट कोपऱ्यातून माझ्याकडे बघून एक मोठा श्वास घेत होता आणि सोडत होता. चांगलं की वाईट कळेना. पाहुणे एकेक करून उठायला लागले. आधी तरुण पोरं, मग त्यांचे बाप, मग बायका. सगळ्यांनाच एकदम आचाऱ्याकडून जास्तीची चटणी हवी होती. आचाऱ्याने पिकअपच्या मागच्या फळीवर छोटा टीव्ही लावला होता, आणि तंबूच्या मागे, अंधारत आलेल्या झाडांमध्ये, एक निळसर उजेड हलत होता. त्याच्याकडे पाठ करून बसायचं म्हणून मी खुर्ची फिरवली. मग समोर ससाणा आला.

ग्लेंडा माझ्याशेजारी होती. पण पावणेसहाच्या सुमारास ती पण उठली.

"मी जरा आचाऱ्याला पाणी देऊन येते," ती म्हणाली.

"पाणी?"

"तहान लागली असेल त्याला."

ती परत आली तेव्हा तिचे गाल लाल होते. बसली, रुमालाची घडी केली, मोडली, परत केली. पंचवीस वर्षांत मी तिला सामना बघताना पाहिलेलं नाही. नंतर तिने कबूल केलं की तिने ड्वाइटला कोपऱ्यात गाठून सगळं समजावून घेतलं: चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं, चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, म्हणजे सात गुण धरा, पण त्याआधी गुडघा जमिनीला टेकला की खेळी संपते. आणि आपण दोनदा टचडाउन करून फक्त तीन गुणांनी मागे आहोत हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग आता रॉयसचं काय होणार?" रॉयस म्हणजे मी. ड्वाइट म्हणाला, "तो मरेल." "कळलं तर की न कळलं तर?" "दोन्ही बाजूंनी," ड्वाइट म्हणाला. तेव्हा मला फितूर झालेली बायको शेजारी बसवून रुमालाच्या घड्या मोजाव्या लागत होत्या, आणि मी तिला म्हणालो, "तू एकटीच माझ्या बाजूने आहेस." तिने माझा हात दाबला. फार जोरात दाबला.

बरोबर सहाला बँडवाल्याने माईकमध्ये सांगितलं की नवरी आता वडिलांबरोबर नाचेल.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तंबूत आम्ही जेमतेम बारा माणसं उरलो होतो. कोरीन फळ्यांच्या मध्यभागी उभी होती आणि हात पुढे करून वाट बघत होती. मी गेलो.

"तू नाचणार माझ्याशी?"

"साडेतीन मिनिटांचं गाणं आहे, डॅडी. बोलण्यात घालवू नकोस."

बँडने संथ चाल धरली. मी तिच्या कमरेला हात लावला आणि आम्ही हलायला लागलो. मी तिला एवढंच सांगणार होतो की मी चुकलो. वाक्य तयार होतं, तीन आठवडे घोकलेलं. मी तोंड उघडलं आणि तंबूच्या मागून शंभर माणसांचा हुंकार आला. ओरडणं नाही, हुंकार, अर्धा आनंदाचा आणि अर्धा धसक्याचा. कारण तिथे अर्धे आमचे होते आणि अर्धे त्यांचे.

माझे पाय थांबले.

"थांबलास," कोरीन म्हणाली.

"अडखळलो."

"डॅडी."

"हो. थांबलो."

"जा मग."

"नाही."

"जा म्हणतेय ना मी."

"मी शब्द दिलाय," मी म्हणालो. हे मी थोरपणाने म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझा अर्धा जीव त्या निळ्या उजेडात होता, आणि उरलेल्या अर्ध्याला ड्वाइटची भीती वाटत होती. मी पुन्हा पाय उचलला, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मग माझ्या पाठीवर तिचा हात आला आणि मला जाणवलं की नाच आता मी चालवत नाही. ती चालवतेय. ती मला उलटं ढकलत होती, तालात, एकेक पाऊल. पायांखालच्या फळ्या संपल्या. गवत लागलं.

"कोरीन, तुझा झगा."

"झगा धुता येतो. डावा पाय मागे. खुंटी आहे."

आम्ही तंबूच्या दोऱ्या ओलांडल्या. बँडवाले बिचारे वाजवत राहिले. गाणं आता लांबून येत होतं. धुराचा वास आला, माझ्या पाठीमागे माणसांचे श्वास ऐकू यायला लागले, आणि समालोचकाचा आवाज. मी मान वळवणार तोच तिने माझी हनुवटी धरून सरळ केली.

"तू बघायचं नाहीस. शब्द तू दिलायस. मी नव्हता दिला."

"कोरीन."

"नाचत राहा."

आम्ही गर्दीच्या मागे, गवतावर, एका जागी गोल न फिरता नुसते डोलत होतो. माझी पाठ टीव्हीकडे, तिचं तोंड टीव्हीकडे. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

"किती?" मी विचारलं.

"चोवीस-सत्तावीस. चार सेकंद. तीन यार्ड उरलेत."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी ओळखत होतो. एकोणीस मोसम तो माझ्या डाव्या कानाशी होता.

"लाथ मारून खांबांतून काढा चेंडू," मी म्हणालो. "तीन गुण. बरोबरी. मग बघू."

"नाही मारत. टचडाउनला जातायत."

"वेडे आहेत."

"बरोबर करतायत. अकरा वर्षं झाली, डॅडी. बरोबरी काय करायचीय?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत तो छोटा निळा चौकोन हलत होता, आणि कपाळावर शीर ताठ झाली होती, माझी होते तशी. मी या मुलीला म्हणालो होतो की तुला कळायचं नाही. मी तिच्या शेजारी बसून एवढी वर्षं समोरच बघत राहिलो होतो. एकदाही बाजूला बघितलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि मी लाज वाटण्यासारखं बरंच केलेलं आहे.

"मी गाढव आहे," मी म्हणालो.

"खेचर," ती म्हणाली. "गप्प. सुरू झालं."

मान वळवायला काही लागत नव्हतं. चार इंच. तिने हनुवटी सोडली होती, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट रोवले होते, आणि मी वळलो असतो तर तिला कळलंही नसतं. मी वळलो नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. भुवया वर गेल्या. ओठ उघडले. तिची नजर डावीकडून उजवीकडे धावली, आणखी उजवीकडे, आणि तिने टाचा उचलल्या, जणू कुणाला तरी उंचावरून ढकलतेय. एक क्षण तिचा सगळा चेहरा उजळला आणि मला वाटलं जिंकलो. मग तो तसाच थांबला. मग खालचा ओठ आत गेला. सहा वर्षांची असताना जायचा तसाच.

पाठीमागे पेटीग्रू घराण्याने एकच जल्लोष केला. माझ्या पाठीवर कुणाची तरी सोड्याची बाटली सांडली.

"हात पोचला होता, डॅडी," ती म्हणाली. "चेंडू रेषेच्या पार होता. गुडघा आधी टेकला."

आणि ती रडायला लागली. लग्न लागताना ती रडली नव्हती, मी हात सोडला तेव्हाही नाही. आता माझ्या कोटात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडत होती. मीही रडत होतो. गर्दीतून गॅरेट नाचत बाहेर आला, आम्हाला बघितलं आणि जागच्या जागी उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू कुठे लपवावं ते त्याला कळेना.

"कोरीन," तो म्हणाला, "मी फक्त..."

"अर्धा तास माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली, वळूनही न बघता. तो शहाणा मुलगा आहे. आल्या पावली गेला. त्याच्यामागे मला आई दिसली. पर्स बंद होती आणि ती लाइलना सांगत होती की तो केक आता कापून टाका, तुमच्या पोटात तरी जाऊ दे.

ती खेळी मी आजपर्यंत बघितलेली नाही. अधूनमधून कुणीतरी दाखवायला येतं आणि मी उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं मला अजून सहन होत नाही. वाटू दे.

कोरीनने माझ्या कोटाच्या कॉलरला नाक पुसलं. लांब तंबूत गाणं केव्हाच संपलं होतं आणि बँडवाले हातात वाद्यं धरून आमच्याकडे बघत उभे होते. झग्याची खालची बाजू गुडघ्यापर्यंत चिखलाची झाली होती. तिने झग्याकडे एकदा बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं, आणि माझा हात धरून तंबूकडे चालायला लागली.

"पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांग त्यांना," ती म्हणाली. "आपण अजून नाचलोच कुठे."